विडी, झोप आणि डोकं : वाचकांचे प्रश्न

धूम्रपान, झोप आणि मनःस्थिती यांवर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी पत्रं पाठवली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत. औषधांचे डोस कळावेत म्हणून दिले आहेत, पण चिठ्ठी तुमच्या डॉक्टरांचीच हवी.

प्रश्न : मी तांडेल आहे, वय ४६. दिवसाला एक बंडल संपतं. बोटीवर असो की घरी, रात्री तीनच्या सुमारास जाग येतेच. पडवीत बसून एक विडी ओढली की पुन्हा डोळा लागतो. डॉक्टर म्हणतात विडीमुळे झोप जाते. माझा अनुभव तर उलटा आहे.
– हर्णै

उत्तर : अनुभव खरा आहे, अर्थ उलटा लागलाय.

विडीतलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. शेवटची विडी रात्री साडेनऊला ओढलीत असं धरू. साडेअकराला निम्मं उरलं, दीडला पाव, साडेतीनला जेमतेम आठवा हिस्सा. वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिन पकडणारे रिसेप्टर वाढलेले असतात. ते रिकामे पडत गेले की तगमग सुरू होते आणि झोप पातळ होते. विडी ओढली की ते भरतात, तगमग थांबते आणि माणूस म्हणतो, विडीने झोप लागली. होडीला आपणच भोक पाडायचं, पाणी उपसायचं आणि मग ‘हायसं वाटलं’ म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

रात्रीच्या सुरुवातीला याच्या उलट घडतं. निकोटिन हे उत्तेजक आहे. त्याने नाडी आणि रक्तदाब वाढतो. निजायच्या आधी ओढलेली विडी डोळा लागायला उशीर करते आणि गाढ झोपेचा वाटा कमी करते. म्हणजे रात्रीचा पहिला भाग विडी प्यायल्यामुळे बिघडतो आणि दुसरा ती उतरल्यामुळे. सहा-सात तास पडून राहूनही सकाळी अंग जड वाटतं ते यामुळेच.

एक आठवडा वहीत रोज तीन गोष्टींची वेळ टिपून ठेवा : रात्रीची शेवटची विडी, मध्ये आलेली जाग आणि सकाळची पहिली विडी. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागत असेल, तर व्यसन पक्कं आहे असं धरतात. झोपेतून उठून ओढावी लागते म्हणजे तर नक्कीच. पुढे निकोटिनचा गम किंवा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) घ्यायचा झाला तर डॉक्टरांना हीच माहिती लागेल.

मात्र तीनची जाग सगळी विडीच्याच नावावर टाकू नका. लघवीला वारंवार उठावं लागतं का? साखर तपासली आहे का? घोरता घोरता श्वास अडकून दचकून उठता का? हे शेवटचं तुम्हाला कळणार नाही, बायकोला किंवा बोटीवरच्या खलाश्यांना विचारा. धुराने घसा आणि नाकाचा आतला भाग सुजतो, त्यामुळे ओढणाऱ्यांत घोरणं जास्त असतं. श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.

विडी सिगारेटपेक्षा हलकी, हा गैरसमजही काढून टाका. विडीत तंबाखू कमी असते हे खरं. पण तिचं पान हवा आत घेत नाही, म्हणून ती विझू नये यासाठी सतत आणि जोराने झुरके मारावे लागतात. टार (धुरातला चिकट काळा भाग) आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही.

आता करायचं काय. पहिलं काम, तीनची विडी बंद करा. दिवसाच्या विड्या सध्या चालू असल्या तरी. जाग आली तर पाणी प्या, दहा मिनिटं बाहेर बसा, पण विडी-काडीपेटी हाताशी नको, रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. तीनला उठलं की विडी मिळते, ही सवय आधी मोडायला हवी. त्यानंतर पूर्ण सोडायचा दिवस ठरवा. जून-जुलैची मासेमारी बंदी त्यासाठी सोयीची. रात्रीची पाळी नसते, झोपेची वेळ बांधता येते आणि सगळ्यात त्रासाचे तीन-चार आठवडे हंगाम सुरू व्हायच्या आत उरकतात. पण बंदीत रिकामपण असतं आणि रिकामपणात दारू. दारू पोटात गेली की विडी सोडण्याचा निश्चय दोन पेगसुद्धा टिकत नाही. शिवाय दारूने झोप लवकर लागली तरी मध्यरात्रीनंतर तुटते. पहिला महिना दोन्ही दूर ठेवलेलं बरं. जून अजून लांब असेल तर तोवर थांबायचं कारण नाही.

बोटीवर परतल्यावर केबिनमध्ये कोणाचंही बंडल नको, हे आधीच सांगून ठेवा. तांडेलाचं ऐकतात. एकेक तलफ काही मिनिटांत उतरते, तेवढ्यापुरतं पाणी, लवंग, बडीशेप किंवा निकोटिन गम. गुटखा किंवा तंबाखू-चुना नको, त्याने फक्त निकोटिनची वाट बदलते.

प्रश्न : माझे मिस्टर एसटीत चालक आहेत. सिगारेट सोडून नऊ दिवस झाले. रात्री दोन दोन वाजेपर्यंत टक्क जागे असतात, झोपले तर स्वप्नात सिगारेट ओढतात आणि दचकून उठतात. मुलांवर खेकसतात. चहा मात्र सात-आठ कप होतो. सासूबाई म्हणतात, ‘दिवसाक एक ओढूंदे, घरात शांती तरी ऱ्हवात.’ काय करू?
– कणकवली

उत्तर : आधी चहाचं बघा. हे सहसा कोणी सांगत नाही.

धुरातले टारचे काही घटक लिव्हरमधलं एक एन्झाइम वाढवून ठेवतात. कॅफिन मोडायचं काम हेच एन्झाइम करतं. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन झपाट्याने निघून जातं आणि तो आठ कप पचवतो. सिगारेट थांबली की आठवड्याभराच्या आत हे एन्झाइम पूर्वपदावर येतं. मग त्याच आठ कपांतून रक्तात जवळपास दुप्पट कॅफिन साचतं. हात थरथरणं, धडधड, चिडचिड, रात्रभर जागरण, हे सगळं कॅफिननेही होतं आणि दोष मात्र सिगारेट सोडण्याला दिला जातो. चहा निम्म्यावर आणा : आठचे चार आणि शेवटचा दुपारी तीनच्या आत. एका दिवसात एकदम बंद करू नका, डोकं दुखतं. दोन-तीन दिवसांत एकेक कप काढत जा. डेपोच्या कँटीनचा कडक चहा घरच्यापेक्षा भारी असतो, तोही धरा. कॉफी आणि कोलालाही हाच नियम.

बाकीचा त्रास निकोटिन सुटल्याचा. तो पहिल्या चोवीस तासांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. नववा दिवस म्हणजे चढ जवळजवळ संपलेला आहे. सिगारेट ओढल्याची स्वप्नं फार जणांना पडतात, पुढे काही महिने अधूनमधून पडत राहतात. म्हणून निश्चय ढिला पडलाय असं समजू नका.

सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण एकाही सिगारेटची सूट देऊ नका. एक अख्खी सिगारेट ओढली की मेंदूतले निकोटिन पकडणारे रिसेप्टर बहुतेक सगळे व्यापले जातात. वाढलेले रिसेप्टर कमी होऊन न ओढणाऱ्यासारखे व्हायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. रोज एक ओढली तर ते कमी होणारच नाहीत, आणि रोजची तगमग मात्र राहील. नऊ दिवस सोसलेलं वाया जाईल.

झोपेसाठी एवढं करा. उठायची वेळ सुटीच्या दिवशीही तीच ठेवा. झोपायची वेळ मात्र घड्याळाने ठरवू नका, डोळे जड झाले की मगच अंथरुणावर. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत कमी उजेडात बसायचं, मोबाइल न घेता. झोप आली की परत यायचं. दुपारची डुलकी वीस मिनिटांची आणि तीनच्या आत. तळमळत पडून राहिलं तर अंथरूण आणि जागरण यांची सांगड पक्की होते.

गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट जास्त काळजीची आहे. हे दोन-तीन आठवडे मुक्कामी गाडी आणि पहाटेची ड्यूटी टाळता आली तर डेपोत तसं सांगून बघावं. घाटात डोळे जड झाले तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं डोळे मिटावेत. खिडकी उघडून किंवा गाणी लावून झोप जात नाही. सर्दीची झोप आणणारी गोळी किंवा शेजाऱ्याकडची झोपेची गोळी रात्री घेऊन सकाळी स्टिअरिंगवर बसणं तर साफ चुकीचं, तिचा अंमल सकाळी उरलेला असतो.

आणि तुम्ही स्वतः? ‘आज ओढलीत का’ असं रोज विचारू नका. खेकसले तर त्या क्षणी उत्तर देऊ नका, दोन तासांनी बोला. मुलांना मात्र सांगा की बाबा सिगारेट सोडतायत, म्हणून थोडे दिवस असं चालेल. मुलांना कारण कळलं की ती समजून घेतात.

प्रश्न : मी विडी-सिगारेटला शिवलेले नाही. चाळीस वर्षं मशेरी लावते : सकाळी, जेवणानंतर, चहानंतर आणि रात्री अंथरुणावर पडायच्या आधी. झोप तुटक लागते, पहाटे छातीत धडधडतं. मशेरीचा याच्याशी काय संबंध? वय ५८.
– गुहागर

उत्तर : मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. भाजल्याने तिच्यातलं निकोटिन संपत नाही. हिरडीवाटे ते सावकाश रक्तात जातं आणि विडीच्या तुलनेत जास्त वेळ टिकतं. रात्री लावलेली मशेरी तुमच्याबरोबर अंथरुणात येते आणि मध्यरात्रीपर्यंत काम करते, पहाटे उतरते. वर तांडेलांना जे सांगितलं तेच तुमच्या बाबतीत जरा संथपणे घडतं.

महाराष्ट्रात तंबाखूचा प्रश्न धुराचा कमी आणि तोंडाचा जास्त आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरणारे आढळले. धूर काढणारे ३.८ टक्के, बिनधुराची वापरणारे २४.४ टक्के. तरीही ‘व्यसन’ म्हटलं की घरातल्या बाईच्या डबीकडे कोणाचं लक्ष जात नाही, तिचं तिलाही नाही.

रात्रीची मशेरी सगळ्यात आधी बंद करा. जेवणानंतर लगेच मऊ ब्रशने आणि साध्या पेस्टने दात घासून टाका, म्हणजे तोंड ‘झालं’ असं वाटतं. आठवडाभराने चहानंतरची, मग जेवणानंतरची. सकाळची सगळ्यात चिवट, ती शेवटी. जी चालू आहे ती लावून वीस मिनिटं बसायचं नाही, दोन मिनिटांत चूळ भरायची. महिन्याची एकदम भाजून डबा भरून ठेवू नका. भाजताना उठणारा खाट नातवंडांच्या नाकात जातो तो वेगळाच. मशेरीऐवजी बाजारातलं लाल दंतमंजन घेणार असाल तर पुडीवर काय काय लिहिलंय ते कोणाकडून तरी वाचून घ्या. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण सुट्या आणि बिनलेबलच्या मालाचा भरवसा नको.

धडधडीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि इसीजी करून घ्या, थायरॉइडही तपासा. तोंडात पांढरा चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. वरच्या उत्तरातला चहाचा हिशेब तुम्हाला लागू नाही, कारण त्याचं कारण धूर आहे, निकोटिन नव्हे. तरी संध्याकाळचा चहा लवकर घेतलेला चांगलाच.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, वय २३. अभ्यासिकेतून दर दोन तासांनी खाली जाऊन सिगारेट ओढली की डोकं चालतं, नाहीतर एका पानावरच अडकतो. सिगारेट वाईट हे माहीत आहे. व्हेप चालेल का?
– रत्नागिरी

उत्तर : दर दोन तासांनी डोकं का अडकतं? निकोटिनची पातळी त्याच सुमाराला निम्म्यावर येते म्हणून. न ओढणाऱ्यालाही निकोटिनने लक्ष थोडा वेळ किंचित सुधारतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण रोज ओढणाऱ्याला मिळतं ते बहुतांशी घसरलेलं लक्ष पूर्वपदावर येणं. तुमच्या शेजारचा न ओढणारा मुलगा तिथे सिगारेटशिवायच असतो. शिवाय वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, आणि झोपेची नासाडी चालूच आहे. २३ व्या वर्षी मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे नियोजन आणि स्वतःला आवर घालणारा, अजून घडत असतो. या वयात लागलेली सवय जास्त खोल रुजते.

व्हेप म्हणजे ई-सिगारेट, तिच्यातही निकोटिनच असतं. आणि ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण यांवर देशात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. जे मिळतं ते चोरटं, त्यात किती निकोटिन आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

खाली जाणं बंद करू नका, सिगारेट बंद करा. दर ५० मिनिटांनी उठा, दहा मिनिटं भगवती बंदराच्या दिशेने नाहीतर नुसतं इमारतीभोवती चाला, पाणी प्या. टपरीसमोरून जायचं नाही. सोडल्यावर पहिले दहा-बारा दिवस लक्ष खरंच कमी लागेल. म्हणून पूर्व परीक्षेच्या तोंडावर सोडायला जाऊ नका, किमान दीड महिना हाताशी ठेवा. त्या दिवसांत नवा विषय सुरू करण्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा.

प्रश्न : वडील सावंतवाडीला असतात. मानसिक आजारासाठी अनेक वर्षं क्लोझापिन चालू आहे, प्रकृती स्थिर आहे. दिवसाला वीस सिगारेटी ओढतात. गणपतीत गावी जाईन तेव्हा त्यांच्या सिगारेटी एकदम बंद करायचा विचार आहे.
– डोंबिवली

उत्तर : डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हे करू नका. चहाच्या बाबतीत ज्या एन्झाइमचं वर्णन केलं तेच एन्झाइम क्लोझापिनही मोडतं. ते मंदावलं की तोच डोस रक्तात काही दिवसांत बराच वाढतो. अति गुंगी, लाळ गळणं, तोल जाणं, घट्ट बद्धकोष्ठ आणि क्वचित फिट येणं, असे परिणाम होऊ शकतात. ओलान्झापिनचंही असंच, आणि दम्याच्या थिओफायलिन असलेल्या गोळ्यांचंही.

सिगारेट सोडायला हवीच, ते नक्की. पण आधी उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना तारीख सांगा. ते डोस टप्प्याटप्प्याने कमी करतील, रक्ताची तपासणी लावतील, पहिल्या आठवड्यांत थोड्याथोड्या दिवसांनी बोलावतील. गोळी स्वतःच्या अंदाजाने कमी करू नका. निकोटिन पॅच लावला तरी ही काळजी घ्यावीच लागते, कारण एन्झाइम वाढवतो तो धूर. आणि पुन्हा ओढायला लागले तर तेही कळवा : तेव्हा औषध कमी पडून आजार उलटू शकतो. गणपतीचे पाच दिवस यासाठी पुरत नाहीत, पाचव्या दिवशी तुम्ही परत जाल आणि परिणाम त्यानंतर दिसतील. शेजारी लक्ष ठेवणारं माणूस असेल असा महिना निवडा.

प्रश्न : सेवानिवृत्त आहे, वय ६१. सिगारेट सोडून दोन महिने झाले. सुरुवातीचा त्रास गेला. पण आता कशातच मन लागत नाही, बागेत जावंसं वाटत नाही, पहाटे चारला जाग येते ती कायमची, जेवणावर वासना नाही. सिगारेट सोडल्याचाच हा परिणाम आहे का? पुन्हा सुरू करावी का?
– देवगड

उत्तर : पुन्हा सुरू करू नका, आणि हा सोडल्याचा त्रास आहे असं म्हणून वाटही बघू नका.

सोडल्यावर पहिल्या दिवसांत उदास वाटतं, त्याला कारण आहे. निकोटिनने मिळणारं डोपामिन, म्हणजे मेंदूला बरं वाटवणारं रसायन, थांबतं. शिवाय मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं जे एन्झाइम मनःस्थितीशी संबंधित रसायनं मोडतं, ते धुरातल्या काही घटकांनी दबलेलं असतं. धूर गेला की ते पुन्हा जोमाने चालू लागतं. पण हा प्रकार काही आठवड्यांत स्थिरावतो. दोन महिन्यांनी, तेही दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, आवडीचं काम नकोसं होणं, पहाटेची जाग, भूक मरणं, ही डिप्रेशनची लक्षणं आहेत आणि त्यावर उपचार आहेत. सोबत थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या.

सिगारेट गेली की माणूस कायमचा खिन्न होतो ही भीती मात्र खरी नाही. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सोडलेल्यांत चिंता, उदासी आणि ताण, तिन्ही ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेले दिसले, आधीपासून मानसिक आजार असलेल्यांतही. सोडायच्या गोळ्यांनी मन बिघडतं, या शंकेवर २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ८,१४४ जणांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हॅरेनिक्लिन किंवा बुप्रोपिऑनने गंभीर मानसिक त्रास पॅच किंवा औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला सारख्या गोळीपेक्षा लक्षणीय वाढलेले दिसले नाहीत.

देवगडहून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येईल, रत्नागिरीला शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून बिचकू नका, बाह्यरुग्ण विभागात तपासून घेऊन त्याच दिवशी घरी परतणारेच बहुतेक असतात. तोवर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरावर बोलता येतं, फुकट, मराठीतून. मरणाचे विचार येत असतील तर आजच घरच्यांना सांगा आणि हा नंबर लावा.

प्रश्न : सिगारेटने मेंदू आकसतो हे खरं का?
– अलिबाग

उत्तर : अनेक वर्षं ओढणाऱ्यांच्या एमआरआयत मेंदूचं बाह्यपटल सरासरीने पातळ दिसतं. पण याहून काळजीची गोष्ट रक्तवाहिन्यांची. ओढणाऱ्याला पक्षाघाताचा धोका बराच जास्त असतो, सोडल्यावर तो वर्षागणिक उतरत जातो. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) टाळता येण्याजोग्या कारणांच्या लॅन्सेट आयोगाच्या २०२० आणि २०२४ च्या दोन्ही याद्यांत धूम्रपान आहे.

प्रश्न : निकोटिन गम आणला. घशात तिखट लागतं, उचकी येते, छातीत जळजळतं आणि तलफ काही जात नाही. मग पॅच लावला. तो घामाने सुटतो, आणि लागून राहिला त्या रात्री भयंकर स्वप्नं पडली. दोन्ही फेकून द्यावेत काय?
– मालवण

उत्तर : फेकू नका, वापरायची पद्धत बदला.

गम हा च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो. भराभर चघळला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथून ते फारसं कामाला येत नाही, उचकी आणि जळजळ तेवढी देतं. सावकाश आठ-दहा वेळा चावा. तोंडात मिरीसारखी चरचर सुरू झाली की थांबा आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. चरचर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा. असं अर्धा तास. लाळ शक्यतो गिळायची नाही, साचली तर थुंका.

मालवणात आणखी एक गोष्ट आडवी येते. तोंडात आंबटपणा असला की हिरडीतून निकोटिन शोषलं जात नाही. सोलकढी, कोकम सरबत, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक, चहा-कॉफी, यांतलं काहीही गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना नको. जेवणात सोलकढी झाली असेल तर खळखळून चूळ भरा आणि मग पंधरा मिनिटं थांबा. पाणी चालतं. कवळी असेल तर गम चिकटतो, त्यांनी चघळायची गोळी, म्हणजे लॉझेंज घ्यावी. ती चावायची नाही, विरघळू द्यायची.

किती घ्यायचे? सकाळी उठल्यावर अर्ध्या तासानंतर पहिली सिगारेट लागत असेल तर २ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४. २ चा गम दुकानात मिळतो, ४ ला चिठ्ठी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, त्यापुढचे तीन दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. बहुतेकांची चूक उलटी असते : दिवसाला दोन-तीनच घेतात आणि ‘गमने काही होत नाही’ म्हणतात. तलफ चढल्यावर न घेता वेळेवर घ्या, कारण गममधलं निकोटिन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. निजायच्या आधीच्या दोन तासांत मात्र टाळलेला बरा.

पॅच सकाळी अंघोळीनंतर लावा, पण लगेच नाही. अंग पूर्ण कोरडं होऊ द्या, पंख्याखाली दहा मिनिटं बसा. दंडाची बाहेरची बाजू किंवा छातीचा वरचा भाग, जिथे केस नाहीत तिथे. त्या जागी तेल, पावडर, क्रीम नको. तळहाताने दहा सेकंद दाबून धरा आणि कडा बोटाने घट्ट करा. रोज जागा बदला, त्याच जागेवर आठवडाभर पुन्हा नको, खाज येते. कडा सुटत असेल तर वरून वैद्यकीय चिकटपट्टी लावायला हरकत नाही. पॅच कापू नका. दहाहून जास्त सिगारेटी असतील तर साधारण २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात : सहा आठवडे २१, दोन आठवडे १४, दोन आठवडे ७. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला, छातीत दुखणं वाढत चाललेलं, गर्भवती, यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

भयंकर स्वप्नं पडतात कारण २४ तासांचा पॅच रात्रभर निकोटिन देत राहतो. निजायच्या आधी काढून टाका, सकाळी नवा लावा. पहाटे उठल्या उठल्या फार तलफ येत असेल तर त्या वेळी एक गम. पॅच आणि गम एकत्र चालतात, नुसत्या एकापेक्षा त्याने सुटण्याची शक्यता जास्त. याउपर जमलं नाही तर गोळ्या आहेत. व्हॅरेनिक्लिननेही स्वप्नं पडतात. दिवसाची दुसरी गोळी झोपताना न घेता रात्रीच्या जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतली की त्रास कमी होतो, मळमळही. बुप्रोपिऑनने झोप उडते. दोन गोळ्यांत किमान आठ तास हवेत, म्हणून पहिली सकाळी सातला आणि दुसरी दुपारी तीन-चारला. कधीही फिट आलेली असेल तर बुप्रोपिऑन घ्यायचंच नाही. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती नंबरावर फोन केला तर समुपदेशक तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात.

काढलेल्या पॅचमध्येही बरंच निकोटिन उरतं. चिकट बाजू आत करून दुमडा, कागदात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात टाका. परसात भिरकावलात तर मूल किंवा कुत्रं तोंडात घालेल.